दांड्यावरचे चार आणे

विंझर
३ नोव्हेंबर २०२५

ती. सुलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोन मिनिटांत कुणीतरी ठेवून देतं. म्हणून हे पत्र. इकडे भाताची कापणी उरकली, नीरजाचा खोकला गेला, माझा गुडघा आहे तसाच आहे.

खरी बातमी पुढे. दिवाळीत आमच्या मंदारने नवा रेकॉर्ड प्लेअर आणला. आबांच्या रेकॉर्डी आता मी घरीच ऐकतो. सकाळी दूध तापेपर्यंत सनईची एक बाजू, जेवणानंतर नाट्यपदं. ती निळ्या कव्हरची भावगीतांची रेकॉर्ड आहे ना, तुझ्याकडे तिसऱ्या गाण्यात हमखास अडखळते ती, इथे सुरळीत वाजली. साठीला आलो आणि ते कडवं आयुष्यात पहिल्यांदा पुरतं ऐकलं. बासरीच्या मागे कुणीतरी हळूच खोकतं, तेही ऐकू येतं. नीरजा म्हणते, तुम्हाला आता बायकोच्या खोकल्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त.

तेव्हा रेकॉर्डींची पिशवी सांभाळत गाड्या बदलत भोरला येण्याची दगदग वाचली. तुलाही आता वाट बघत बसायला नको. काही ऐकावंसं वाटलं तर कळव, मोबाईलवर घेऊन पाठवीन.

लोभ आहेच, त्यात खाडा पडू नये.

तुझा,
आनंद

*

भोर
८ नोव्हेंबर २०२५

चि. आनंद यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिला.

दगदग वाचली म्हणे! आबा गेल्यापासून चार वर्षं दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी येत होतास, ती दगदग होती हे मला आज कळलं. ऑगस्टनंतर तू फिरकला नाहीस. आधी गुडघा, मग पाऊस, मग दिवाळी. मी वेडी दर खेपेला भाजणी काढून ठेवते, आबांच्या रेकॉर्डच्या मशीनवरची धूळ पुसते आणि दुपारपर्यंत फाटकाकडे बघत बसते. आणि तू तिकडे खोकणारे मोजतोस. मला नुसती गाणीच ऐकायची असती तर मोबाईलवर ढीगभर आहेत. तू पाठवण्याची गरज नाही.

आबांनी मशीन मला आणि रेकॉर्डी तुला असं उफराटं का दिलं, याचा कधी विचार केलास? हाताला सलाईन होतं तेव्हा मला म्हणाले होते की दोन्ही एकाकडे दिलं तर वर्षभरात तुम्ही एकमेकांचं तोंड बघणार नाही, मी तुमचे स्वभाव ओळखून आहे. तू एक डबा मागवलास आणि त्यांचं सगळं मोडून टाकलंस. मला फार राग आला आहे आणि तो लवकर जाईल असं दिसत नाही.

लोभ सध्या आहे तेवढा पुरे, वाढवू नये.

सुलूताई

*

विंझर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न.

आबा असं बोलले असते तर मलाही बोलले असते. मशीन मला का मिळालं नाही ते मला पक्कं माहीत आहे. दहा वर्षांचा असताना मी त्याच्या सुईचा दांडा वाकवला. आबा एका शब्दाने रागावले नाहीत, पण त्यानंतर मशीनला कधी हात लाव म्हणून म्हणाले नाहीत. मरतानाही म्हणाले नाहीत. हे माझ्या मनात कायम आहे आणि तुलाही ते माहीत होतं.

तरी तू ऑगस्टमध्ये तुझ्या विहीणबाईंसमोर तेच काढलंस. मी इतकंच म्हणालो होतो की दांड्यावर दोऱ्याने बांधलेलं ते चार आण्याचं नाणं काढ, त्याच्या वजनाने रेकॉर्डी झिजतात. त्यावर तू म्हणालीस की ज्याने मशीन मोडलं त्याने मशीनचं शिकवू नये, आबांचं नाणं आबांनी ठेवलं तिथेच राहील. सगळे हसले. मी चहा अर्धा टाकून उठलो, तेही तुझ्या लक्षात आलं नाही. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं.

लोभाचं पुढे बघू.

आनंद

*

भोर
१९ नोव्हेंबर २०२५

आनंद,

काल मी होऊन फोन केला. तू नुसतं बोल म्हणालास. मी चार वाक्यं बोलले नाही तोच ठेवून दिलास. झालं तेवढं बस्स झालं.

मशीन हवं होतं ना? घे. उद्या तुमच्या गावच्या गेनूचा टेम्पो तांदूळ घेऊन भोरला येतोय, परतताना तो आणेल. मला बँकेत हयातीच्या दाखल्याला जायचंय, म्हणून ते शेजारच्या कोंडाबाईंकडे ठेवलं आहे. गेनूला ताकीद दिली आहे की तुला आधी काही सांगायचं नाही, नाहीतर तू नको नको करत बसशील. नाणं काढ, मशीन रंगव, मोड, काय हवं ते कर. आता तुला माझ्याकडे येण्याचं काही कारण उरलं नाही, सुखी राहा.

सुलक्षणा

*

विंझर
१९ नोव्हेंबर २०२५

ताई,

फोनवर तू मला आबांच्या जिवावर उठलेला म्हणालीस. हे ऐकून घेण्याचं माझं वय गेलं.

तीन खोकी पाठवतोय. सगळ्या रेकॉर्डी आहेत, चादरीत गुंडाळून उभ्या लावल्या आहेत, आडव्या ठेवू नकोस. गेनूला दम दिलाय की तुझ्याशी फोनवर चकार शब्द बोलायचा नाही. तुझं मशीन, तुझ्या रेकॉर्डी, तुझं नाणं, लावून बस. मला त्यातलं काही नको.

आनंद

*

विंझर
२१ नोव्हेंबर २०२५

ती. सुलूताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेनूने दारात मशीन टेकवलं तेव्हा मी आधी त्याच्यावरच ओरडलो. त्याचं म्हणणं, ताई घरी नव्हत्या, कोंडाबाईच्या वट्यावर खोकी उतरवली आन् तितनंच हे उचललं, दोघांनीबी बोलू नगं म्हणून सांगितलं व्हतं, मग म्या कशाला बोलू. नीरजा हसून हसून खाली बसली. मला हसू आलं नाही.

निळ्या कव्हरची रेकॉर्ड नव्या प्लेअरवरच राहून गेली होती. कव्हर तेवढं खोक्यात आलं असेल. तीच आबांच्या मशीनवर लावली. आधी नाणं सोडलं, तुला खोटं पाडायचं होतं म्हणून. सुई टेकली आणि घसरत थेट मधोमध गेली. तीनदा लावली, तीनदा तेच. मग नाणं बांधलं, तेव्हा वाजली. तिसऱ्या गाण्यात अडखळली, नेहमीच्याच ठिकाणी.

ताई, दांडा अजून वाकडाच आहे. वरच्या बाजूला उचललेला, म्हणून सुई धरत नाही. आबांनी तो दुरुस्तीला नेला नाही. नेला असता तर घरात पुन्हा माझं नाव निघालं असतं. चार आणे बांधून त्यांनी विषयच मिटवला. मी ज्या नाण्यावर तुझ्याशी भांडलो, ते माझ्यासाठीच बांधलेलं होतं. मी मोठ्याने रडलो. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

मशीन परत पाठवू का, ते कळव.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा,
आनंद

*

भोर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. आनंद यास,
अ. उ. आ.

मला खोटं पाडायला नाणं सोडलंस हे वाचून डोकं पुन्हा फिरलं. विहीणबाईंसमोर मी बोलले ते चुकलं, हे मी एकदाच लिहीत आहे, पुन्हा विचारू नकोस.

मशीन परत पाठवायचं नाही. रेकॉर्डीही मी पाठवणार नाही. येत्या रविवारी, तीस तारखेला, मी सकाळच्या एस.टी.ने येते. स्टॉपवर वेळेत ये, नाहीतर त्याच गाडीने परत फिरेन. निळीचं रिकामं कव्हर आणते. ती आधी आबांच्या मशीनवर लावायची आणि मग तुझ्या डब्यावर. तो खोकणारा माणूस मलाही ऐकायचाय.

खोक्यांत एकसष्ट आहेत, मोजल्या. एका खेपेला पाचच आणीन, सहावी मागितलीस तरी मिळायची नाही.

लोभ इथून पुढे दरमहा मोजून घ्यावा.

तुझी,
सुलूताई