पायाशी ठेवलेले

रोहा, ता. १२ ऑक्टोबर २०२३

चि. सरूस,
महिपतीचे आशीर्वाद आणि प्रेमाचा सलाम. वि. वि.

काल कोर्टाचा बेलिफ समन्स देऊन गेला. उभा जन्म पोस्टात गेला, लोकांच्या दारात असली पाकिटं मी कितीतरी टाकली, पण घेताना कसं वाटतं ते काल कळलं. वादी म्हणून तुझं नाव आहे. प्रतिवादी म्हणून आपली ख्रिस्ती मंडळी, पाळकसाहेब आणि पंच. पंचांत माझंही नाव आलं. आपल्या दोघांची नावं एका कागदावर आली ती लहानपणीच्या रेशनकार्डानंतर आत्ताच.

फोन करणार होतो, पण माझं तुला ठाऊक आहे. कानातलं मशीन फोन लावला की शिट्टी मारतं आणि तुझं नुसतं हॅलो हॅलो चालतं. म्हणून हे पत्र. रागावून लिहीत नाही, पण दुखलं हे खरं.

तुझे यजमान हैबतराव गेले त्या वर्षी उपकारस्तुतीच्या सणाला तू त्यांच्या कंपनीकडून आलेले सगळे पैसे घेऊन पुढे आलीस. बाकीच्यांनी वाल, नारळ, कोंबड्या आणल्या होत्या. तू टेबलाजवळ उभी राहून म्हणालीस की हे मी प्रभूच्या पायाशी ठेवते, त्यांच्या नावाने उपासनेला नवं देऊळ होऊ दे. तेव्हा माझे कान बरे होते. ऐकून मला इतका अभिमान वाटला की घरी येऊन मी एकटाच रडलो. आता त्या पैशांच्या भिंती खिडक्यांच्या वर गेल्या आहेत. छप्पर राहिलं आहे.

हा दावा तू समजून लावलास की पोराने, आदेशने, कागद पुढे केला आणि तू सही केलीस, एवढंच कळव. डायलिसिसच्या दिवशी लिहायला बसू नकोस.

माझी माया आहे तिथेच आहे.
तुझा दादा, महिपती


पेण, ता. १९ ऑक्टोबर २०२३

ती. दादास,
सरूचा नमस्कारपूर्वक सलाम. वि. वि.

पत्र मिळालं. समजूनच सही केली. आदेशवर ढकलून मोकळी झाले असते, पण तुला खोटं कशाला लिहू.

पैसे ठेवले तेव्हा मी धडधाकट होते रे. पुढच्या वर्षी किडन्या जातील हे कुणाला माहीत. आता डॉक्टर म्हणतात की असं मशीनवर फार काळ रेटता येणार नाही, अंगात ताकद आहे तोवर किडनी बदलून घ्या. आदेश आपली द्यायला तयार आहे. तपासण्या जुळल्या. नम्रताने नवऱ्याला अडवलं नाही, उलट तीच मला समजावते. सून असावी तर अशी, हे मी तुला मुद्दाम लिहिते, कारण लग्नात तू तिच्या माहेरच्यांना जेवणावरून बोलला होतास. पण मुंबईच्या हॉस्पिटलचा खर्च आमच्या आवाक्यात नाही. आदेशच्या कंपनीत शिफ्ट कमी झाल्यात.

कोर्टात जाण्याआधी आम्ही पाळकसाहेबांकडे गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले की छप्पर होऊन जाऊ द्या, मग मंडळी तुमचा विचार करील. दादा, छपराला किती दिवस लागतील ते त्यांनाही ठाऊक नाही.

मग आदेश वकिलाकडे गेला. वकिलाने सगळं ऐकून विचारलं की बाई नेमकं काय म्हणाल्या, दिले की ठेवले? ठेवले म्हणाल्या असतील तर ती ठेव झाली, आणि ठेव मागितली की परत द्यावी लागते. आपण सगळे जन्मभर पायाशी ठेवतो म्हणत आलो, त्यात असा अर्थ निघेल हे आपल्या बापजाद्यांना सुचलं नसतं. मला लाज वाटते. पण जगावंसंही वाटतं, हे तुझ्यापासून लपवून काय करू.

धाकटीवरचा जीव पातळ करू नकोस.
सरू


रोहा, ता. ७ जानेवारी २०२४

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळात तू नव्हतीस, तुझी जागा रिकामी ठेवून सगळे बाजूला सरकून बसले. कुणी मुद्दाम केलं नाही, पण केलं. परवा शेतावर मडक्यात शेंगा भाजायला पोपटी लावली. वालाच्या शेंगांना यंदा चव आहे. तुला खायला चालत नाही हे आठवलं आणि मडकं फोडायच्या आधीच उठून आलो.

आता कामाचं. पंचांची बैठक झाली. काळुराम, जो बांधकामाचा हिशोब बघतो, तो म्हणाला की निकाल सरूबाईच्या बाजूने गेला तर देवळाचा प्लॉट विकायला लागेल, दुसरा रस्ता नाय. त्याचंही चुकत नाही. आपली मंडळी म्हणजे कोण? कंपनीत ठेक्यावर जाणारी पोरं, दोन शिक्षिका, बाकी शेतावर राबणारे. त्यांनी रविवारच्या थैलीत टाकलेली नाणीही त्याच भिंतीत आहेत. एक म्हातारी मला म्हणाली की देवाला दिलेलं परत नेतात का गो कुनी? मी ऐकू आलं नाही असं दाखवलं. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा.

पाळकसाहेबांनी मला सांगितलं की बहिणीला समजवा, दावा मागे घ्यायला लावा. मी त्यांना काही बोललो नाही, ते तुला लिहितो. मागे घेऊ नकोस. साक्षीला उभी राहशील तेव्हा सांग की ठेव म्हणूनच ठेवले होते. एका शब्दाने तुझा जीव वाचत असेल तर तो शब्द बोल. प्लॉट विकला तर विकला. आपण पूर्वी कुलकर्ण्यांच्या ओटीवर बसून उपासना केली, तेव्हा देव आला नव्हता काय? माझ्याकडून तुला कायमची माफी आहे.

माझं पेन्शनमधून साठलेलं मागेच पाठवत होतो ते तू परत केलंस. अजून तसंच आहे, हट्टीपणा पुरे.

तुझ्या खुशालीची वाट बघणारा,
दादा


पेण, ता. २१ जुलै २०२४

ती. दादास,
सलाम. वि. वि.

तारखांवर तारखा पडतात म्हणून लिहायचं राहिलं. मध्ये हाताला सूज होती. नम्रता सध्या हमरापूरला गणपतींना रंग द्यायला जाते, सणापर्यंत काम भरपूर आहे. मूर्तीचे डोळे अजून तिला देत नाहीत, पितांबरं मात्र हिच्या हातची. पाळकसाहेबांना कळवू नकोस, आधीच आमच्या नावावर बरंच काही आहे.

तुझं माफीचं पत्र मी उशीखाली ठेवते. तू म्हणालास तसंच करायचं ठरवलं आहे. वकिलाने मला दोनदा बसवून शिकवलं. ते विचारतील ठेवले म्हणजे काय, मी म्हणायचं की अडीअडचणीला परत घेता यावेत म्हणून मंडळीकडे ठेव ठेवली. घरी भांडी लावताना म्हणून बघते. तोंडातून निघतं. मग रात्रीची प्रार्थना म्हणायला बसते आणि ती निघत नाही.

आदेशकडे बघितलं की मात्र सगळं सोपं वाटतं. परवा त्याने शर्ट काढला तर माझं लक्ष त्याच्या कुशीकडे गेलं. एवढं द्यायला निघालेल्या पोरासाठी आईने एक शब्द वाकडा बोलला तर प्रभू रागावेल का? तू पंच आहेस, तूच सांग. नको सांगूस, तू माझ्याच बाजूने सांगशील.

कोर्टात तू असशील ना? तू दिसलास की मला धीर येईल.

आठवण काढत राहा.
सरू


रोहा, ता. १ फेब्रुवारी २०२५

चि. सरूस,
आशीर्वाद. वि. वि.

काल कोर्टात तू किती वाळलेली दिसलीस. पिंजऱ्यात खुर्ची दिली ते बरं केलं जजसाहेबांनी. मी मागच्या बाकावर होतो. तुझे ओठ हलताना दिसत होते, पण वर पंखा घरघरत होता आणि माझ्या मशीनने नेमकी तेव्हाच शिट्टी धरली. एक अक्षर कळलं नाही.

मग बघतो तर तुझ्या वकिलाने फाईल मिटली. काळुरामने माझ्या पाठीवर थाप मारली, पाळकसाहेबांनी डोळे पुसले. आदेश तुला तिथेच सोडून बाहेर गेला. मी तुझ्याकडे यायला निघालो तर आमच्या वकिलाने दंडाला धरलं, निकालाआधी वादीशी बोलायचं नाही म्हणाला. सख्ख्या बहिणीशी.

विचारलं तर एक जण म्हणतो तू सगळं कबूल केलंस, दुसरा म्हणतो तू पैसे मागितलेस. सरू, तू काय बोललीस? आपलं तर ठरलं होतं. उत्तर ताबडतोब पाठव.

दादा


पेण, ता. ५ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सलाम. वि. वि.

जसं घडलं तसं लिहिते.

वकिलाने शिकवल्याप्रमाणे विचारलं की बाई, ठेवले म्हणजे काय? मी तोंड उघडलं आणि समोर तू दिसलास, कानामागे हात धरून पुढे वाकलेला. मी म्हटलं, दिले. वकिलाला वाटलं मी गोंधळले. त्यांनी पुन्हा विचारलं की नवरा वारला होता, तुम्ही दुःखात होतात, शुद्ध नव्हती, असं झालं का? मी म्हटलं, नाय, पुरी शुद्ध होती. दिलेच होते. पण आता मला ते परत हवेत, मला जगायचंय.

जजसाहेब भले माणूस वाटले. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि मला म्हणाले की बाई, दिलेलं असेल तर कोर्टाला ते परत द्यायला लावता येणं कठीण आहे, ते तुम्ही ज्यांना दिलं त्यांच्याकडेच मागायला हवं. निकाल काय येणार ते मला तेव्हाच कळलं.

 तिसऱ्या दिवशी आदेश पाणी द्यायला आला आणि त्याने विचारलं की आई, माझ्यापेक्षा, तुझ्या जिवापेक्षा तुला एक शब्द मोठा झाला का? दादा, मी काही मोठी भक्तीण नाही. खोटं बोलणारच होते. जीभ वळली नाही एवढंच. आता पश्चात्ताप होतो, आणि पुन्हा उभं केलं तरी तेच होईल असंही वाटतं.

साहेबांनी सांगितलं तसं मी मागते. हे पत्र रविवारी उपासनेनंतर मंडळीसमोर वाच. मी दिले होते, हक्क सांगत नाही. मी तुमच्यातली एक आहे आणि मला मरायची भीती वाटते. सगळे नाहीत तर जमतील तेवढे द्या. छप्पर उशिरा झालं तरी देवळाचं काही बिघडत नाही, माझं बिघडेल.

कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं लिही. गोड करू नकोस, मला कळतं.

तुझी, सरू


रोहा, ता. १७ फेब्रुवारी २०२५

चि. सरूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल पत्र वाचलं. मला वाचवेना तेव्हा शिक्षिकाबाईंनी शेवट वाचला. बायका रडल्या. बाकी कुणी कुणाकडे बघितलं नाही.

मग पाळकसाहेब बोलले. ते जे बोलले ते काळुरामने शेजारी बसून मला कागदावर लिहून दाखवलं. सरूबाईंनी कोर्टात दिली तशी साक्ष या मंडळीत आजवर कुणी दिली नाही, आपण सर्वांनी तिच्यापासून शिकावं, असं ते म्हणाले. नंतर म्हणाले की पैसे भिंतीत गेले, उरलेले पत्र्याच्या ठेकेदाराला आगाऊ दिले, आणि ट्रस्टचे पैसे वाटायला परवानगी लागते, ती कधी मिळेल सांगता येत नाही. मी उठून म्हटलं की परवानगी मागायला तरी हात वर करा. माझा एक हात आणि त्या शिक्षिकाबाईंचा एक. जी म्हातारी तुझ्याबद्दल बोलली होती, तिने सुटताना माझ्या मुठीत शंभराची नोट कोंबली. ती यासोबत आहे.

ठराव असा झाला की सरूबाईंसाठी मंडळीने दर शुक्रवारी उपास आणि प्रार्थना करावी. सगळे प्रार्थनेला उभे राहिले. मी बसून राहिलो. राग देवावर नाही, सरू, पण त्या क्षणी मला त्या माणसांबरोबर उभं राहवलं नाही. पंचपदाचा राजीनामा आज देतो आहे.

गोड करू नकोस म्हणालीस म्हणून उरलेलंही लिहितो. नव्या देवळात तुझ्या नावाची संगमरवरी पाटी लावायची ठरली आहे. काळुराम बाहेर येऊन माझ्या कानाशी वाकला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. त्याने विचारलं की देवळाला अजून वर्ष लागेल, तर पाटीवर नुसतं नाव कोरायचं की वर ‘स्मरणार्थ’ घालायचं?

गुरुवारी सकाळच्या गाडीने येतो. पेन्शनचे पैसे घेऊन येतो, ते पुरणार नाहीत हे मलाही कळतं, पण या वेळी परत केलेस तर बघ. आदेशला घरी थांबायला सांग, त्याच्याशी मी बोलेन.

काळुरामला मी सगळ्यांसमोर सांगितलं की नुसतं नाव घाल, माझी बहीण स्वतः येऊन ते वाचणार आहे. बोलून तर बसलो. कोर्टात तू खोटं बोलली नाहीस, आता मला खोटं पाडू नकोस.

तुझा दादा,
महिपती