तीनशे बारा पत्ते

६ मार्च, गुरुवार

अझलानने, माझ्या धाकट्या भावाने, काल साठ हजार लोकांना मेल पाठवला. आमच्या दुकानाच्या नावाने, आणि मला न विचारता!

म्हणे, रायाची ईद पंचवीस दिवसांवर आलीय, जायफळाचं तेल खपायचं तर दवंडी पिटायलाच हवी. यादी कुठून आणलीस, तर म्हणतो ओळखीच्या एकाकडून मिळाली. साठ हजार माणसं — त्यांतल्या किती जणांनी आमच्या बालिक पुलाऊ गावाचं नाव तरी ऐकलंय, अल्ला जाणे. मी चिडले तर हसला. "काक, हजारात एकाने घेतलं तरी साठ बाटल्या."

७ मार्च

ऑर्डरी चार. शिव्या एकेचाळीस.

जोहोरच्या एका गृहस्थांनी मात्र सभ्यपणे विचारलंय — माझा पत्ता तुम्हाला कुणी दिला? मी किती वेळ उत्तर लिहीत होते आणि पुसत होते. मलाच ठाऊक नाही तर सांगू काय?

मेलच्या तळाशी अझलानने लिहिलंय, नको असल्यास इथे दाबा. दाबून पाहिलं. काही होत नाही. नुसती अक्षरं आहेत ती.

१० मार्च

आज एकही ऑर्डर नाही.

११ मार्च, मंगळवार

तायपिंगहून चिकगू झालेहांचा फोन. निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळ्यांच्या चिकगू; आमच्या आईच्या, माकच्या वेळेपासून तेल नेतात. अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याचा हात आखडलाय, रोज चोळावा लागतो. तेल संपल्याचं आठवड्यापूर्वी कळवलं, उत्तर नाही. रागावल्या नव्हत्या, पण दुखावल्या होत्या. माक असती तर असं झालं नसतं, म्हणाल्या.

मी तर दोनदा उत्तर दिलं होतं! फोनवरच शोधायला लावलं. सापडलं, स्पॅममध्ये — एक जुगाराची जाहिरात, एक टकलावर केस उगवायचं औषध, आणि मधोमध मी.

तेल लगेच कुरियरने पाठवलं. मग आमचे मेल ज्या कंपनीमार्फत जातात तिथे फोन केला. तिथली मुलगी सरळ बोलली. "पुआन, लोकांनी तुम्हाला कचरा ठरवलंय. आता तुमचं खरं पत्रही कचऱ्यातच पडणार." उपाय विचारला. थोडे दिवस गप्प बसा, मग ज्यांना खरोखर हवंय त्यांनाच पाठवा, म्हणाली. विश्वास परत येतो, पण हळूहळू.

राया तर हळूहळू येत नाही ना.

१२ मार्च

ठरवलं.

अझलानला शेजारी बसवून ते साठ हजार पत्ते पुसून टाकले. तो नखं कुरतडत होता. जोहोरच्या गृहस्थांना लिहिलं — पत्ता कुठून आला ते मला माहीत नाही, पण चूक आमची, आणि तो आता आमच्याकडे नाही.

मग माकची वही काढली. रविवारच्या बाजारात ती ही वही पुढे सरकवायची आणि म्हणायची, पत्र हवं असेल तरच लिहा हं. तीनशे बारा नावं, ज्याच्या त्याच्या अक्षरात, मेल आणि फोन नंबर. कुठे तेलाचे डाग. ती जाऊन दोन वर्षं झाली, आणि त्या दोन वर्षांत आम्ही एकदाही कुणाला विचारलं नाही, अजून हवं आहे का म्हणून.

आता एकेकाला फोन करून विचारणार. अझलान म्हणाला, आत्ता? सणाच्या तोंडावर? तेल कोण ढवळणार?

तू ढवळ, म्हटलं.

१९ मार्च, बुधवार

रोज तीस-पस्तीस फोन. रोजा, त्यात इतकं बोलणं — दुपारनंतर घशाला नुसती कोरड. तरी करतेय.

कुआला कांगसारचे एक आजोबा म्हणाले, तेल उत्तम, पत्र नको. पट्टी लावून नाव खोडलं. एक बाई म्हणाल्या, मी तुझी पत्रं वाचत नाही गं, पण येऊ देत, बरं वाटतं. तिघांनी माझ्याशी बोलताना माकची आठवण काढली. एकीला ती गेल्याचंच ठाऊक नव्हतं. दोघीही रडलो.

२३ मार्च

झालं. हो म्हणाले एकशे सत्त्याऐंशी. नको, चौसष्ट. एकसष्ट जणांनी फोन उचलला नाही. अझलान म्हणतो, न उचलणं म्हणजे नकार थोडाच. होकारही नाही, म्हटलं.

२६ मार्च, बुधवार

एकशे सत्त्याऐंशी पत्रं पाठवली. पाच ओळींची. या वर्षीचं जायफळ कसं आहे, बाटल्या किती आहेत, कधी पोचतील. "नको" ची सोय आधी माझ्याच फोनवर तीनदा तपासली. चालते.

इफ्तारपर्यंत बावीस ऑर्डरी! चिकगूंनी लिहिलंय — या वेळी वरच दिसलीस, शोधावं लागलं नाही. त्यांच्या यजमानांची दोन बोटं हलू लागलीत.

अझलानने स्वतःहून बाटल्या भरायला घेतल्या. जेवला मात्र नाही नीट.

३१ मार्च, राया

सकाळी रिवाजाप्रमाणे अझलान पुढ्यात गुडघ्यांवर बसला, हात हातात घेतले, कळत नकळत चुकलं असेल तर माफ कर म्हणाला. दर वर्षी म्हणतो. मी हात सोडवायला गेले, त्याने सोडले नाहीत.

"काक, ती यादी मला फुकट नव्हती मिळाली. बदल्यात मी माकची वही दिली. सगळ्या पानांचे फोटो काढून."

त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माफ केलं असं म्हणाले नाही. ते माझ्या हातात नाही.

उद्यापासून पुन्हा फोन. तीनशे बारा. नको म्हणाले होते त्यांनाही. बोलणार अझलान, मी शेजारी बसणार.