पेन्सिलीतला तास

रविवार, ९ मार्च

नात मुक्ता विमान चालवायला शिकतेय. परवान्याला एक तास कमी पडतोय. तो तिने न उडताच उड्डाणवहीत लिहून टाकलाय. पण पेन्सिलीने. तिथे शाईनेच लिहायचं असतं म्हणे.

"आबा, कोण बघायला येतंय?" म्हणाली.

पोफळीच्या वीजघरात नोकरीला असताना मीही एकदा काटा न बघताच यंत्राचं तापमान नोंदवहीत लिहिलं होतं. काही बिघडलं नाही, कुणी विचारलंही नाही. तरी तो आकडा आजही तोंडपाठ आहे. आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं. तिच्या मनातून उतरलो तर नसेन?

मुक्ताने वही पुढे ओढून ती पेन्सिलीची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाली, "आबा, खोडरबर असेल ना तुमच्याकडे?"

शोधून दिला. माझा आकडा मात्र शाईतला.