नदी धरून मोजलेले अंतर

मी, या घराची मालकीण, भूगोलाची निवृत्त शिक्षिका, गुडघे आणि हृदय सोडून बाकी सर्व शाबूत असलेली, आज राजीखुशीने आणि पूर्ण विचारांती हे लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोडीगुलाबीने काही वदवून घेतलेले नाही. डॉक्टरीणबाईंनी माझी बुद्धी तपासायला मला एका देशाची राजधानी विचारली. मी राजधानीसोबत तिथल्या नद्या, पिके आणि पर्जन्यमानही सांगितले, तेव्हा त्याच म्हणाल्या, "पुरे बाई, पटलं." हृदय मात्र थकले आहे, असे त्यांचे मत आहे. म्हणून ही लगबग.

याआधी मी केलेले मृत्युपत्राचे सर्व कागद रद्द समजावेत. ते रागाच्या भरात केलेले होते आणि त्यांत शिक्षण खाते आणि त्याच्या मंडळांबद्दल काही विशेषणे होती. ती माघारी घेते. एक सोडून.

कलम १. वरचा मजला, त्यातील कपाटे, पुस्तके, भांडीकुंडी आणि गॅलरीतली आरामखुर्ची माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावी. बँकेतली शिल्लकही तिचीच, फक्त कलम ४ मध्ये लिहिलेला भाग वजा करून. लेकीने माझ्याकडे कधी काही मागितले नाही. मागच्या भेटीत एवढेच म्हणाली, "आई, घराचं तू काय वाट्टेल ते कर. पण लहानपणी स्वतःच्या घरात मला पाणी प्यायलासुद्धा हात वर करून विचारावं लागायचं, हे विसरू नकोस."

विसरलेले नाही. खालच्या खोलीत शाळा भरायची, मी शिकवायचे आणि तीही त्याच वर्गात बसायची. शाळेच्या वेळात मी तिचीही बाईच होते. एकदा तिने हात वर केला आणि सगळ्यांसमोर विचारले, "बाई, माझी आई आज लवकर घरी येईल का?" वर्ग खो-खो हसला, मीही हसले. तेवढ्या समंजसपणाने तिने मला वाटून घेतले, याबद्दल तिचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत. इथे मानते. पोरी, फार मोठे मन आहे तुझे. ते तुझ्या वडिलांकडून आले.

कलम २. आता खालच्या दोन खोल्या. माझा जीव अडकला आहे तो यांतच, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हा मसुदा तपासणाऱ्या वकिलीणबाईंनी कंटाळू नये.

आमची वस्ती नदीच्या अलीकडच्या काठावर, वळणापाशी. पलीकडच्या काठावर मोठी शाळा, आमच्या गॅलरीतून तिची घंटा ऐकू येते. प्रत्येक मुलाला घराजवळ शाळा मिळालीच पाहिजे, असा शिक्षणाचा कायदा देशात झाला, तेव्हा आम्ही वस्तीतल्या बायकांनी आनंदाने एकमेकींचे हात धरले होते. मग खात्यातून एक साहेब आले. त्यांच्या बगलेत नकाशाची गुंडाळी आणि खिशात परकार. त्यांनी नकाशा माझ्या टेबलावर पसरला, परकाराचे टोक पलीकडच्या शाळेवर रोवले आणि एक सुबक वर्तुळ काढले.

"बाई, तुमची वस्ती वर्तुळाच्या आत आहे. अंतर कायद्यात बसतं. इथे वेगळ्या शाळेची गरज नाही."

"साहेब, वर्तुळात नदीसुद्धा बसली आहे."

"पूल आहे ना?"

"आहे की. चला, दाखवते."

त्यांनी बॅग माझ्या घरी ठेवली, कारण त्यांना वाटले, गेलो आणि आलो. आम्ही काठाकाठाने निघालो. लाकडाच्या वखारीपर्यंत साहेब मला कायद्याची कलमे समजावत होते. वीटभट्टीपाशी कलमे संपली. पूल दिसला तेव्हा त्यांनी फक्त विचारले, "हाच का?" पूल ओलांडून, पलीकडच्या काठाने उलटे चालत शाळेशी पोचलो, तर शाळा केव्हाच सुटली होती. समोर, नदीपलीकडे, माझी गॅलरी दिसत होती. वाळत घातलेले टॉवेलसुद्धा ओळखू येत होते. आणि साहेबांची बॅग तिथे होती. म्हणजे तेवढेच पुन्हा चालायचे.

परत आलो तेव्हा ते माझ्या पायरीवर बसले. नवे कोरे बूट काढून हातात धरले होते. म्हणाले, "बाई, जरा पाणी मिळेल?" तांब्या रिकामा केल्यावर विचारले, "पहिलीतली पोरं हे रोज चालतील?"

"चालतील. पण साहेब, त्यांचे पाय तुमच्यापेक्षा आखूड असतात."

जाताना परकार टेबलावर ठेवून गेले. मला वाटले, विसरले. मी खात्याच्या पत्त्यावर कळवले, तर उत्तर आले, "तुमच्याकडेच असू द्या, वर्गात उपयोगी पडेल." पुढे कायद्याची नियमावली छापून आली. त्यात अंतर मोजण्याच्या नियमात दोन शब्द जास्तीचे होते: 'पायी रस्त्याने'. त्या दोन शब्दांसाठी त्यांनी वरच्या साहेबांशी किती डोके फोडले, ते मला फार उशिरा कळले. त्या दोन शब्दांवर आमच्या वस्तीला पहिली ते चौथीची शाळा मिळाली. आम्ही त्यांचे नाव परकार ठेवले. ते त्यांना आवडत नाही, पण हाक मारली की ओ देतात.

शाळा मंजूर झाली, इमारत मात्र झाली नाही. 'पुढच्या वर्षी' असे खाते म्हणत राहिले. खाली यांचा सुतारकामाचा कारखाना होता. (यांचा म्हणजे माझ्या कैलासवासी नवऱ्याचा. वकिलीणबाई म्हणतात, स्पष्ट लिहा.) मी विषय काढायच्या आत यांनीच रंधा, करवती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवल्या. "इमारत होईपर्यंत तरी घे," असे म्हणाले. जन्मभर पत्र्याखाली घाम गाळला आणि बाके केली. कोपरे इतके घासून गोल केले, की आजवर एकाही मुलाला खरचटलेले नाही. संसारात माणसाला यापेक्षा जास्त काय मिळायचे असते, मला माहीत नाही.

तर या दोन खोल्या, बाके, फळा, दारापुढचा उतार आणि अंगणासह, मी पालकांच्या शाळा समितीच्या न्यासाकडे देते. खात्याकडे मुळीच देत नाही. खात्याकडे दिल्या तर तिथे जुन्या पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे येतील आणि उंदीर सुशिक्षित होतील. अट एकच: तिथे पहिली ते चौथीचे वर्ग भरावेत.

कलम ३. शाळा बंद झाली, तर या खोल्यांचे काय करावे:

ही जागा कोरी आहे, चुकून राहिलेली नाही. वकिलीणबाई म्हणतात, "बाई, हे ठरवावंच लागेल, नाहीतर कोर्टात वाद होईल." खरे आहे. पण हात चालत नाही.

कारण असे. आता नवे धोरण आले आहे. अभ्यासक्रम बदलला, त्याचे मी स्वागतच केले. पाठांतर कमी आणि हाताने करण्याचे काम जास्त, हे आम्ही कधीपासून मागत होतो. पण त्याच धोरणात कमी पटाच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळायच्या आहेत, आणि नियमावली नव्याने लिहिताना कोणीतरी ते दोन शब्द गाळले. मुद्दाम नव्हे. जुन्या कागदावरून नव्यावर आलेच नाहीत. आता मोजायला परकारही लागत नाही. नव्या साहेबांकडे हातात धरायचे यंत्र आहे, ते आमच्या दारापासून पलीकडच्या शाळेपर्यंत सरळ रेघ काढते. रेघेला नदी लागत नाही. मी पत्रे लिहिली. उत्तर आले, 'प्रणालीनुसार अंतर नियमात बसते.' निर्णय याच महिन्यात व्हायचा आहे.

पलीकडची शाळा चांगली आहे, हे मी नमूद करते. तिथे प्रयोगशाळा आहे, खेळाचे शिक्षक आहेत. आमची मुले पाचवीत गेली की तिथेच जातात आणि तोवर त्यांचे पाय लांब झालेले असतात. माझे भांडण त्या शाळेशी नाही. सहा वर्षांच्या जिवाने वखार, वीटभट्टी आणि पूल ओलांडून अक्षर गिरवायला जावे, याला माझी हरकत आहे. ती जाणार नाहीत. आधी पावसापाण्याचे निमित्त होईल, मग सर्दीचे, मग धाकट्या भावंडाचे. मी हे पाहिलेले आहे.

परकार गेल्या आठवड्यात भेटायला आले होते. निवृत्त होऊन जमाना झाला, आता काठी टेकत चालतात. नियमावली वाचून लालबुंद झाले. "माझे दोन शब्द खाल्ले की हो, बाई!" म्हणाले. मग म्हणाले, "मी बघतो."

"तुम्ही काय बघणार? तुम्हाला माझा जिना चढवत नाही."

"जिना नाही चढवत. पूल सपाट आहे."

म्हणून या कलमाची जागा आज सहीच्या वेळेपर्यंत कोरी ठेवत आहे. तोवर काही कळले नाही, तर वकिलीणबाई सांगतील ते मी मुकाट्याने लिहीन.

कलम ४. मावशींना, म्हणजे शाळा उघडल्यापासून तिथली झाडलोट आणि रडणाऱ्या पोरांची समजूत एकटीने करणाऱ्या बाईंना, शाळेच्या दोन खोल्यांव्यतिरिक्त असलेली मागची खोली त्या हयात असेपर्यंत राहायला द्यावी आणि शिल्लकेतला चौथा हिस्सा द्यावा. त्या 'नको' म्हणतील. लेकीने ऐकू नये. आमच्या शाळेत पहिल्या दिवशी रडलेले प्रत्येक मूल आधी त्यांच्या मांडीवर शिकले, मग माझ्याकडे आले.

कलम ५. यांचा रंधा, पटाशा, करवती आणि माप घ्यायची पट्टी, बाके दुरुस्त करणाऱ्या पालकाला द्यावी. तो व्यवसायाने रंगारी आहे आणि खिळे वाकडे मारतो. पण बोलावले की येतो. शिकेल.

कलम ६. पहिलीच्या वर्गातले सर्वांत बुटके बाक राजधानीतील अभ्यासक्रम मंडळाला भेट द्यावे. मी त्या मंडळावर काही काळ होते. तिथल्या खुर्च्या फार मऊ असतात. एक विद्वान सदस्य दर बैठकीत पहिलीच्या पुस्तकात आणखी एक धडा घाला म्हणायचे. यापुढे जो सदस्य असे म्हणेल, त्याने ती बैठक संपेपर्यंत या बाकावर बसावे. सुरुवातीला मी जे एक विशेषण राखून ठेवले, ते याच सदस्यांसाठी होते. मात्र सगळ्यांच्या विरोधात एकट्याने माझा नदीचा धडा पुस्तकात ठेवला, तोही त्यांनीच. तेव्हा तेही माघारी घेते. बाक मात्र जाईल.

कलम ७. परकार, म्हणजे वस्तू, ज्यांची त्यांना परत द्यावी. त्याने मी मुलांना वर्तुळे शिकवली आणि दर वेळी सांगितले, आधी नदी कुठे आहे ते बघा. साहेब, तुमचे ऋण या यादीतल्या कोणत्याच वस्तूने फिटत नाही. तुम्ही चालून आलात आणि चूक कबूल केलीत. मोठ्या खुर्चीतल्या माणसाने असे करताना मी फार कमी वेळा पाहिले.

व्यवस्थापक म्हणून वकिलीणबाईंना नेमते. माझ्या शोकसभेसाठी शाळेला सुट्टी देऊ नये.

ठिकाण : खालची पुढची खोली, मुले मधल्या सुट्टीत अंगणात.
दिनांक : वकिलीणबाई शिक्क्यासह घालतील. वार बुधवार.

मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

साक्षीदार पहिला, निवृत्त शिक्षणाधिकारी (उर्फ परकार) :
बाईंनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने शेरा लिहायचा नसतो असे वकिलीणबाई म्हणत आहेत, तरी लिहितो. यायला उशीर झाला, कारण आज सकाळी नव्या साहेबांना पलीकडच्या शाळेपाशी गाठले आणि वस्ती दाखवतो म्हणून पुलावरून पायी इथे घेऊन आलो. वीटभट्टीपाशी त्यांनी हातातले यंत्र खिशात टाकले. ही शाळा पलीकडच्या शाळेत मिसळण्याचा प्रस्ताव आज संध्याकाळीच मागे घेतो, आणि ते दोन शब्द नियमात परत घालण्याबद्दल वर लिहितो, असे त्यांनी वखारीपाशी मला शब्द देऊन सांगितले. सध्या ते पायरीवर बूट हातात घेऊन बसले आहेत आणि पाणी मागत आहेत. (सही)

साक्षीदार दुसरी, डॉक्टर :
बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सही करण्याआधी त्यांनी कलम ३ ची कोरी जागा माझ्यादेखत आडवी रेघ मारून बंद केली. रेघ पट्टी न लावता मारली, तरी सरळ आली आहे. मी खुर्चीतून उठू नका असे बजावले होते. पाणी द्यायला त्या स्वतः उठल्या. (सही)