मॅथेमॅटिकली

छावणी, औरंगाबाद
१२ मार्च १९६८

चि. शैला हिला काकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र गेल्या आठवड्यात पोचलं. इथं सगळं ठीक. उन्हं वाढल्यापासून तुझ्या आईचा गुडघा बरा आहे. कुरडयांचा डबा कुणाच्या तरी हाती पुण्याला धाडायचं तिच्या मनात आहे. वसतिगृहात आधीच बोभाटा करू नकोस, तुला एकही उरणार नाही.

परीक्षेसाठी ‘मॅथेमॅटिकली’चा अर्थ आणि वापर विचारलास. अर्थ सोपा: गणिताच्या दृष्टीनं. वापर मात्र सांभाळून. गोष्ट कागदावर बरोबर आहे, एवढंच हा शब्द सांगतो. ती तशी घडलीच, असं सांगत नाही. उदाहरणाचं वाक्य लिहायला घेतलं आणि तीन दिवस पत्र तसंच पडून राहिलं.

ते वाक्य मी पूर्वी एकदा लिहिलंय. बावन्नच्या उन्हाळ्यात, फुलंब्रीच्या विहिरीवर.

मी तिथं ओव्हरसियर. माझं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दूतलं. पोलीस ॲक्शननंतर कचेरीत इंग्रजी आली, नवे साहेब आले आणि माझं इंग्रजी ऐकून हसू लागले. मी ईर्ष्येनं डिक्शनरी पाठ करायला घेतली. त्यात हा शब्द मला फार आवडला. उठसूट वापरायचो. तुझे बाबा माझ्याच हाताखाली मजुरांची हजेरी लिहायचे.

विहिरीत सुरुंग लावायचा होता. वात फुटाला तीस सेकंद जळते, असं गुंडाळीवर छापलेलं होतं. तीन फूट वात, म्हणजे नव्वद सेकंद. वात पेटवून अडतीस पायऱ्या चढायला सत्तर. सुरुंग लावणारा सांडू म्हणाला, “सायब, आधी ईतभर तुकडा जाळून बघू. वात लई फसवती.”

ही त्याची रोजची रीत. पण त्या दिवशी चारचौघांत तो माझं गणित तपासतोय असं मला वाटलं, आणि मी तडकलो. म्हणालो, “मॅथेमॅटिकली वीस सेकंद शिल्लक राहतात.”

“मंग म्या नाय उतरत,” म्हणत सांडूनं काडेपेटी खाली ठेवली.

ती तुझ्या बाबांनी, माझ्या मुकुंदानं, उचलली. मजुरांना म्हणाला, “दादाचं गणित कधी चुकलंय का?”

शैला, बाबांचा पाय घसरला असं आम्ही तुला सांगत आलो. पाय घसरला नाही. सुरुंग उडाला तेव्हा तो छत्तिसाव्या पायरीवर होता. मला त्याचा चेहरा दिसत होता. हसत होता माझ्याकडे बघून.

संध्याकाळी मी उरलेल्या गुंडाळीतला फूटभर तुकडा घड्याळ लावून जाळला. बावीस सेकंद. दुसरा जाळला. बावीसच. आणि मग बसून रिपोर्ट लिहिला: मॅथेमॅटिकली वेळ पुरेसा होता, पाय घसरला असावा. साहेबांनी त्या दिवशी माझ्या इंग्रजीत एकही चूक काढली नाही.

तेव्हापासून जिना कुठलाही असो, माझ्या मागून कुणीतरी चढतं. मी मोजतो. छत्तीस झाल्या की मागची पावलं थांबतात. दौलताबादचा किल्ला चढायला काका भितो म्हणून तू लहानपणी चिडवायचीस ना? भितोच मी.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. सोळा वर्षं ती माझ्या पानात आधी वाढते. हे पत्र पेटीत टाकलं की घरी येऊन तिला सांगणार आहे. आधी तुला लिहिलं, कारण मग मला मागं फिरता येणार नाही. सुट्टीत तू या घरी येशील का, हे विचारायचा धीर होत नाही.

परीक्षेत वाक्य लिहायचंच असेल तर हे लिही: मॅथेमॅटिकली माझे बाबा वर यायला हवे होते.

सहीच्या आधी ‘तुझा काका’ लिहायची माझी सवय. आज ती जागा मोकळी ठेवतोय. तिथं काय लिहायचं ते तू ठरव.

........
मधुसूदन