पहिल्या पावलाचे अरिसेलू

२ फेब्रुवारी, रविवार
नार्नूरहून डबा आला. पुन्हा! बसच्या कंडक्टरच्या हाती. आत अरिसेलू, तीळ लावलेले, तुपात चिंब. म्हणजे अपूर्व चालायला लागला.

रीत मूळची तेलुगू शेजाऱ्यांची. पण बाजारहत्नूरच्या आमच्या गल्लीत आता मराठी घरंही ती सोडत नाहीत. लेकरू पालथं पडलं की पुरणपोळ्या, बसलं की तांदळाचे वाफवलेले कुडुमुलू, पहिलं पाऊल टाकलं की अरिसेलू — गुळाच्या पाकातले, आपल्या अनारशाचे भाऊबंद. पाटावर मांडायचे, लेकराला त्यावरून चालवायचं, मग घरोघर वाटायचे. घेणारा गोड खातो आणि तुमच्याकडचं लेकरू कुठवर आलं ते विचारतो.

अपूर्व म्हणजे ह्यांच्या थोरल्या भावाचा, नार्नूरच्या पंकजदादांचा आणि नेहाताईंचा मुलगा. माझ्या लेकीहून, मैत्रीहून दोन महिन्यांनी मोठा. दुकानाची वाटणी झाल्यापासून ते इकडे येत नाहीत, आम्ही तिकडे जात नाही. सासूबाई आमच्याकडे, त्याही जात नाहीत. बोलणं बंद, डबे आणि मेसेज चालू. असलं भांडण मी माहेरी पाहिलं नव्हतं.

मैत्री सोळा महिन्यांची झाली. बसते, हसते, माझी टिकली काढून स्वतःच्या कपाळाला लावते. उभी मात्र राहत नाही. धरून उभी करावी तर गुडघे मुडपतात. सासूबाईंनी एक अरिसेलू तोडून तोंडात टाकला. "नेहाच्या हाताला चव हाये," म्हणाल्या. बघत होत्या मैत्रीच्या पायांकडे. मी डबा झाकून टाकला.

४ फेब्रुवारी
नेहाताईंनी अपूर्वचा फोटो पाठवला. नवा शर्ट, पावडर, काजळ. चालतानाचा व्हिडिओ पाठवा म्हटलं, तर उत्तरच नाही. थोरल्या जाऊबाई ना! एवढा तोरा!

९ फेब्रुवारी, रविवार
आज घरात जे झालं ते इथेच लिहिते. बाहेर सांगायची सोय राहिली नाही.

सासूबाईंनी तांदूळ भिजत घातले तेव्हा वाटलं, पाहुणे येणार असतील. आज सकाळी कढई चढवून म्हणाल्या, "मैत्रीचं पाऊल उरकून टाकू."

"अहो, पण ती चालते कुठं?"

"चालंल ना व! आज नाही तं पुढच्या महिन्यात. आधी वाटलं तं काय बिघडलं? पोरीची जात हाये. लोकं ध्यानात ठेवतात. उद्या सोयरीक निघंल तवा कोणी म्हणू नये, का हिचे पाय उशिरा फुटले."

सोळा महिन्यांच्या लेकराची सोयरीक! मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मोबाईलकडे बघत होते.

पाट मांडला. सासूबाईंनी मैत्रीच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि अरिसेलूंवरून ओढत नेलं. पाय नुसते घासले. अरिसेलू मोडले, टाचांना गूळ लागला. तिला गंमत वाटली, खदखदून हसली. ह्यांनी फोटो काढला. आईचे हात येणार नाहीत असा, नीट कोन धरून! मग डबे निघाले, गल्लीत आणि नार्नूरला. डबे मीच भरले. कढईसमोर मीही गप्पच होते, ते कोणावर ढकलू?

१० फेब्रुवारी
नेहाताईंचा मेसेज — 'अभिनंदन. छान.' बस्स. जळली असेल. मला बरं वाटलं. हो, वाटलं!

१९ फेब्रुवारी
अंगणवाडीच्या टीचर दारात. "अम्मा, बच्ची चलने लगी बोले. सेंटर पे लाओ ना. वजन करते, चाल देखते." दर महिन्याला नेत होतो. या महिन्यात नेलं नाही म्हणून बिचाऱ्या घरी आल्या.

सासूबाई म्हणाल्या, "मामा के गाँव गयी वो."

मामाच्या गावाला गेलेली माझी लेक आतल्या खोलीत दाराआड माझ्या मांडीवर होती. आवाज जाऊ नये म्हणून मी तिच्या तोंडावर हात धरलेला. तिला वाटलं, खेळ चाललाय. माझ्या तळहातात हसत होती. त्या हाताने मी नंतर पोळ्या लाटल्या. लाज वाटते.

२ मार्च
शेजारची कुसुमबाई ओट्याशी येऊन म्हणाली, "काऊन व, पोरगी दिसत नाही? चालती झाली म्हणता, अन् कडेवर का घेऊन राह्यली सारखी?"

"लाडाची हाये," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून कडेवर घेऊनसुद्धा बाहेर पडायचं नाही.

पूर्वी संध्याकाळी मैत्री ओट्यावर बसायची. गल्लीतली पोरं जमायची, ती टाळ्या वाजवायची, कोणाच्याही हातातली बिस्किटं ओढायची. आज दूधवाला आला तर माझ्या मानेत तोंड खुपसून थरथरली. सासूबाई म्हणतात लाजाळू झाली. लाजाळू! कोंडून ठेवलंय आपण तिला!

चार शब्द बोलायची, त्यातला 'काऊ' गेला. कावळा तिला दिसतो कुठे?

पायांचं झाकायला निघालो होतो. आता बोलणं गेलं, माणसं गेली. वा रे आमची अब्रू!

९ मार्च
ह्यांचं जेवण दुकानात पोहोचवून मी घरी आले तर मागच्या अंगणातून किंकाळ्या. धावले. खड्डा खणलेला, त्यात मैत्री कंबरेपर्यंत वाळूत पुरलेली. सासूबाई वाळू दाबत होत्या. भाजीवाली बयनाबाई म्हणे सांगून गेली, असं उभं पुरलं की पायाला जोर येतो.

मी हातांनीच वाळू उपसली. तिचा आवाज बसलेला, मांड्यांवर लाल ओरखडे. सासूबाई रडत होत्या. "मी का वैरीण हाये तिची?"

नाहीत. तेच तर! वैरीण असत्या तर मी कधीच भांडले असते. रोज तिला तेल लावतात, बदाम उगाळून चाटवतात, तिच्यासाठी उपास धरतात. डॉक्टरचं नाव काढलं की मात्र त्यांना गल्ली आठवते.

१० मार्च
ह्यांना सांगितलं, बुधवारी आदिलाबादला मोठ्या दवाखान्यात नेते.

"कोणी वळखीचं भेटलं तं? गल्लीभर अरिसेलू वाटून बसलो आपण."

"मग? अरिसेलू परत मागायचे का लोकांकडून?"

"थोडं थांब ना. आई म्हणते —"

"थांबलो तर दिवस तिचे जातात. तुमचे नाही, तुमच्या आईचेही नाही."

जेवण टाकून उठले. उठू देत. माणूस वाईट नाही, पण वाईट नसण्याचा मला उपयोग काय? मैत्रीला उचलून दवाखान्यात न्यायला चांगुलपणा नको, दोन हात हवेत. ते माझे आहेत.

११ मार्च
सासूबाई बोलत नाहीत. मैत्रीचं झबलं मात्र धुऊन, घडी घालून माझ्या पिशवीवर ठेवलंय.

१२ मार्च, बुधवार
दवाखान्यात लहान मुलांच्या खोलीबाहेर ही गर्दी! मी पदर पुढे ओढून बसले. कोपऱ्यात आणखी एक बाई तशीच, पदर कपाळापर्यंत. तिच्या पायाशी सतरंजीवर एक मुलगा. नर्सने येऊन त्याला दंडाला धरून उभं केलं. त्याचे गुडघे मुडपले. नर्सने त्याला हळूच खाली ठेवलं. बाईने डोळे पुसायला पदर मागे घेतला.

नेहाताई!

तिनेही मला पाहिलं. तोंड फिरवायला दोघींनाही जागा नव्हती. मी जाऊन शेजारी बसले. अपूर्वचा शर्ट सारखा करत, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "तुही पोरगी तरी चालते ना व?"

मी मैत्रीला कडेवरून उतरवलं आणि सतरंजीवर अपूर्वशेजारी बसवलं.