मिठाच्या पाण्याची सकाळ

आप्पा, पाया पडते.

परवा फोनवर आई होती म्हणून अर्धंच सांगितलं. उलट्या कमी झाल्यात. सोमवारी एंडोस्कोपी आहे, दुखत नाही म्हणे.

निलंग्याला आपण दोघं हौदापाशी मिठाचं कोमट पाणी प्यायचो, घशात बोटं घालून पित्त काढायचो. आई म्हणायची, "झाली बापलेकीची आरती सुरू." तुम्ही म्हणायचात, "काढ गं, मोकळं वाटतंय." हैदराबादला येऊनही मी रोज तेच केलं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आधी हे बंद कर. यानंच घसा सोललाय."

बंद केलं. पण सकाळी तुमची लई आठवण येते.

आप्पा, तुमचाही घसा जळतो ना? तुम्ही पण सोडून बघता का, काय वाटतं तुम्हाला?

तुमची तनु